माझा हप्ता त्याच्याएवढा का?

गेल्या आठवड्यात ट्युटोरियलमध्ये मी चक्क भांडले. एडिंबरोत ॲक्चुअरियल सायन्सचं (म्हणजे विमा-पेन्शनच्या जोखमीच्या गणिताचं) दुसरं वर्ष चालू आहे, आणि आमच्या वर्गात कुणी आवाज चढवत नाही. त्यामुळे माझा आवाज जरा जास्तच घुमला.

गणित साधं होतं. तिशीचा पुरुष, तिशीची बाई, दोघांना 25 वर्षांचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा आयुर्विमा. हप्ता काढा. मी दोन मॉर्टॅलिटी टेबलं (कुठल्या वयाला किती माणसं दगावतात याचे तक्ते) घेऊन दोन हप्ते काढले, बाईचा कमी आला. येणारच. बायका जास्त जगतात हे कळायला ॲक्चुअरी व्हावं लागत नाही. सरांनी कागद पाहिला (इथे सरांना नावाने हाक मारतात, माझी जीभ अजून वळत नाही) आणि म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. पण असे हप्ते लावलेस तर कायदा मोडशील."

युरोपीय न्यायालयाने मार्च 2011 मध्ये निकाल दिला आणि 21 डिसेंबर 2012 पासून नव्या पॉलिसींच्या हप्त्यात स्त्री-पुरुष भेद बंद झाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, तरी नियम इथेच राहिला.

माझं डोकंच फिरलं. परीक्षेच्या सूत्रांच्या पुस्तकात पेन्शनरांची टेबलं पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी छापलेली. ती आम्ही पाठ होईस्तोवर चाळायची आणि हप्ता लावताना त्यांच्याकडे पाठ फिरवायची? गंमत म्हणजे कंपनीला स्वतःचा रिझर्व्ह (पुढचे दावे फेडायला बाजूला ठेवायची रक्कम) ठरवताना हाच भेद वापरता येतो, गिऱ्हाइकाला दाखवायच्या आकड्यात तेवढा नाही. मग कंपनी काय करते? किती पुरुष येतील, किती बायका येतील याचा अंदाज बांधते आणि मधला हप्ता लावते. अंदाज चुकला आणि पुरुषच जास्त आले, तर टर्म प्लॅनमध्ये तोटा. आणि अंदाज बरोबर ठरला तरी पुरुषांच्या वाट्याचा थोडा हप्ता मी भरायचा. (ॲन्युइटीत, म्हणजे हयातभराच्या पेन्शनीत, उलटं होतं, तिथे बायकांचा फायदा. भांडताना हे मी सोयीस्करपणे गाळलं.)

"भारतात कसं आहे?" सरांनी विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं की आमच्याकडे टर्म प्लॅन बायकांना सहसा स्वस्त पडतो, आणि आमच्या विमाधारकांवरून केलेलं आमचं स्वतःचं टेबल आहे, सध्याचं 2012-14 चं. आकडा बोलतो तो ऐकायचा, एवढंच आमचं म्हणणं.

खोलीवर आले आणि आठवलं, आकडा बोलतो म्हणून ऐकायचा हेच आपल्याला एकदा ऐकवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश विमा कंपन्या भारतीय माणसाच्या आयुष्यावर जादा हप्ता लावत. 1870 मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने भारतीय माणसाला नेहमीच्या दराने विमा दिला. ही गोष्ट मी सरांना का सांगितली नाही? कारण ती माझ्या बाजूची नव्हती.

आणि शहर कुठलं, तर एडिंबरो! याच शहरातल्या वेबस्टर आणि वॉलेस या दोन पाद्र्यांनी 1744 च्या सुमाराला हिशेब मांडला होता : स्कॉटलंडमध्ये एका वेळी साधारण 930 पाद्री, वर्षाला 27 दगावणार, त्यातले 18 विधवा मागे ठेवणार. गणितज्ञ मॅक्लॉरिनने आकडे तपासले आणि विधवांसाठी निधी उभा राहिला. इथे या गोष्टीचं फार कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. पण त्या हिशेबात सगळे पाद्री एकसारखे होते, कुणाच्या कातडीचा रंग विचारायची वेळच आली नव्हती. एवढं तरी मी म्हणेनच.

"हे भांडायला तिकडे जायची काय गरज होती?" असं तुमच्यातले काही जण विचारतील. गरज होती. घरी बसून, नोकरी सांभाळून ॲक्चुअरी होण्याचे व्यावसायिक पेपर देणारे आहेत आणि त्यांना माझा दंडवत. मी त्यातला एक दोनदा दिला, दोनदा आपटले. इथे पदवीच्या विषयांत ठरलेल्या रेषेवर सरासरी आली तर त्या व्यावसायिक पेपरमधून सूट मिळते. पळवाट म्हणा हवं तर. पण रेषेच्या एक गुण खाली राहिलं की तोच पेपर पुन्हा मुळापासून द्यावा लागतो, आणि तेव्हा विद्यापीठ मदतीला येत नाही.

सरांनी तो वाद निबंध म्हणून लिहायला सांगितला. मी चार पानं लिहिली, 1870 सुद्धा घातलं. काल परत आला. समासात एकच शेरा : "मधला हप्ता काढताना स्त्री-पुरुषांचं प्रमाण कुठून आणलंस?"

मी निम्मे-निम्मे धरले होते. गुरुवारपर्यंत पुन्हा काढून द्यायचंय.