तुम्ही विचारलंत म्हणून: ती दुसरी केबल बंद का ठेवायची?

नेटवर्कच्या रॅकपाशी कुणी सोबत आलं की हा प्रश्न ठरलेला. संगणकांना केबलने एकमेकांशी जोडणाऱ्या पेट्या म्हणजे स्विच. अशा दोन स्विचमध्ये दोन केबल दिसतात, एका पोर्टचा दिवा हिरवा लुकलुकतो आणि दुसऱ्याचा नारिंगी, स्थिर. "मॅडम, ही दुसरी बंद आहे का? चालू करा ना, स्पीड दुप्पट होईल." थोडी माहिती असलेला असेल तर पुढे म्हणतो, "ते स्पॅनिंग ट्री काढूनच टाका." स्पॅनिंग ट्री म्हणजे ती दुसरी केबल बंद ठेवणारी, स्विचमधलीच पद्धत.

उभ्या उभ्या मी "लूप होईल", म्हणजे केबलींचं वर्तुळ होईल, एवढंच सांगते आणि ते कुणालाच पुरत नाही. म्हणून आज नीट सांगते.

मूळ अडचण इथरनेटच्या, म्हणजे या केबलींवरच्या नेटवर्कच्या, फ्रेममध्ये आहे. स्विच पुढे पाठवतात ते माहितीचं पाकीट म्हणजे फ्रेम. तिच्या आत बसून जाणाऱ्या आयपी पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो. रस्ता चुकलेलं पॅकेट असं कधीतरी संपतं. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. कुणाकडे जायचं, कुणाकडून आलं, आत काय प्रकारचा माल आहे, एवढंच त्यावर असतं. ती गोल फिरायला लागली की फिरतच राहते, कुणीतरी केबल उपटेपर्यंत.

त्यात स्विचचा स्वभाव असा, की ज्याचा पत्ता माहीत नाही ते, आणि जे सगळ्यांसाठी आहे ते (ब्रॉडकास्ट), आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवायचं. तीन स्विच त्रिकोणात जोडलेले समजा: अ, ब आणि क. अ ने एक ब्रॉडकास्ट सोडला. तो ब ला मिळाला आणि क लाही. ब ने तो क कडे ढकलला, क ने ब कडे, आणि दोघांकडून तो परत अ कडे आला. अ ला आधीचं काही आठवत नाही, त्याने पुन्हा पुढे पाठवला. आता एकाच फ्रेमच्या दोन प्रती उलटसुलट दिशांनी फिरताहेत आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक संगणकाच्या दारावर थाप मारताहेत. तेवढ्यात दुसऱ्या संगणकाने "अमुक पत्ता कुणाचा?" असं विचारलं, की तीही फ्रेम या फेऱ्यात सामील. १ गिगाबिटच्या केबलमधून सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. ती मर्यादा गाठायला लूपला फार वेळ लागत नाही. वाटा आणखी असतील तर प्रती नुसत्या फिरत नाहीत, वाढत जातात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते स्वतःच्या चुकीमुळे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका मजल्यावरून तक्रार यायची की संगणक सुरू केला की नेटवर्क मिळायला फार वेळ लागतो. कारण सरळ होतं. जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्टला केबल जोडली की ते आधी १५ सेकंद नुसतं ऐकतं, मग १५ सेकंद पत्ते शिकतं, आणि त्यानंतर वाहतूक सोडतं. या अर्ध्या मिनिटात संगणक आयपी पत्ता मागून मागून थकतो. अशा पोर्टांना "इथे फक्त संगणक आहे" असं सांगायची सोय असते, तिला एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट म्हणतात. मी ते केलं नाही. त्या मजल्याच्या स्विचवर स्पॅनिंग ट्रीच बंद केलं. तक्रार थांबली, सगळ्यांनी कौतुक केलं.

काही महिन्यांनी मीटिंगच्या खोलीत टेबलाखालच्या छोट्या स्विचमधून एक केबल मोकळी लोंबत होती. आवराआवर करताना कुणीतरी ती भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये नीट खोचून ठेवली. पहिली केबल आधीच शेजारच्या सॉकेटमध्ये होती. दोन्ही सॉकेट त्याच मजल्याच्या स्विचला जोडलेले. वर्तुळ पूर्ण झालं.

मी पोचले तेव्हा त्या स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी इतके भरभर लुकलुकत होते की जवळजवळ स्थिर वाटत होते. एरवी प्रत्येक पोर्टचा दिवा आपापल्या लयीत चालतो. ते एकसारखं लुकलुकणं एकदा पाहिलं की विसरता येत नाही. स्विचमध्ये लांबून लॉगिन होईना. कन्सोल केबल लावली तर पडद्यावर एकाच तक्रारीच्या ओळी धावत होत्या: अमुक मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा इथरनेटवरचा पत्ता) आत्ता या पोर्टवर दिसला, आत्ता त्या पोर्टवर. म्हणजे कोण कुठे बसलंय हेच स्विचला कळेनासं झालं होतं. बाकीच्या मजल्यांवर स्पॅनिंग ट्री चालू असूनही तेही बुडाले, कारण लूप त्यांच्या नजरेआड होता आणि पूर मात्र अपलिंकमधून, म्हणजे त्या स्विचला बाकी नेटवर्कशी जोडणाऱ्या केबलमधून, त्यांच्यापर्यंत पोचत होता. शेवटी मी अपलिंकची केबल काढली. एका क्षणात बाकीची इमारत शुद्धीवर आली. साफसफाई नाही, रीस्टार्ट नाही. त्या फ्रेम कुठे साठलेल्या नसतात, फिरण्यातच त्यांचा जीव असतो.

आता स्पॅनिंग ट्री नेमकं करतं काय? राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना ही पद्धत मांडली आणि १९९० मध्ये ती ८०२.१डी या मानकात आली. मला त्यातली सगळ्यांत आवडणारी गोष्ट ही की पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. प्रत्येक स्विच शेजाऱ्यांना छोटे निरोप पाठवतो, त्यांना बीपीडीयू म्हणतात. निरोपाचा आशय असा: "माझ्या माहितीप्रमाणे रूट अमुक आहे, माझ्यापासून तिथपर्यंतचा खर्च इतका, आणि मी तमुक." रूट म्हणजे झाडाचं मूळ, ज्याच्यापासून सगळ्या वाटा मोजायच्या तो स्विच. सुरुवातीला प्रत्येक जण स्वतःलाच रूट म्हणवतो. आपल्यापेक्षा लहान आकड्याचा कुणी आहे असं ऐकलं की दावा सोडतो आणि तेच पुढे सांगतो. हा आकडा म्हणजे आधी प्रायॉरिटी (स्विचला आपण नेमून देऊ शकतो तो आकडा) आणि ती सारखी असेल तर मॅक अ‍ॅड्रेस.

रूट ठरला की प्रत्येक स्विच त्याच्याकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट धरतो. जुन्या तक्त्यात १०० मेगाबिटच्या वाटेचा खर्च १९, १ गिगाबिटचा ४. आपला त्रिकोण घ्या, सगळ्या केबल १ गिगाबिटच्या, रूट अ. ब आणि क दोघांनाही थेट वाट ४ ला पडते. उरली ब आणि क मधली केबल. तिथे दोघांची बोली सारखीच, ४. मग ज्याचा आकडा लहान तो ब जिंकतो, आणि क आपलं त्या बाजूचं पोर्ट बंद करतो. वर्तुळ तुटलं, तरी सगळे सगळ्यांपर्यंत पोचतात. तुम्ही बोट दाखवता तो नारिंगी दिवा याच पोर्टचा.

इथे एक पोटतिडकीची विनंती. प्रायॉरिटी सगळीकडे मुळातली ३२७६८ च ठेवली तर फैसला मॅक अ‍ॅड्रेसवर होतो, आणि लहान मॅक अ‍ॅड्रेस बऱ्याचदा सर्वांत जुन्या स्विचचा असतो. अडगळीतला एखादा म्हातारा स्विच साऱ्या नेटवर्कचा रूट होऊन बसलेला मी पाहिला आहे. मधल्या मोठ्या स्विचला ४०९६ द्या आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२. दोन ओळींचं काम आहे.

आता मुख्य मुद्दा. बंद पोर्ट झोपलेलं नसतं. वाहतूक ते टाकून देतं, पण बीपीडीयू कान देऊन ऐकत असतं. दर २ सेकंदांनी निरोप येतो, आणि तो येतोय म्हणूनच ते बंद राहतं. निरोप थांबले की मूळ पद्धतीत २० सेकंद वाट पाहून, मग ती १५ आणि १५ सेकंदं घालवून ते उघडतं. २००१ च्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीत ही वाट पाहणं बरंचसं गेलं. तिथे पर्यायी पोर्ट आधीच ठरलेलं असतं आणि केबल तुटली की बहुधा सेकंदाच्या आत काम सावरतं. दुसरी केबल टाकायची ती यासाठी.

पण याच स्वभावात धोकाही आहे. शांतता म्हणजे वाट मोकळी, असं पोर्ट समजतं. फायबरच्या जोडीतला एकच धागा निकामी झाला तर निरोप येत नाहीत, पाठवलेलं मात्र पलीकडे पोचतं. बंद पोर्ट उघडतं आणि लूप तयार होतो. लूप गार्ड असतो तो यासाठी: निरोप अचानक थांबले तर पोर्ट उघडायचं नाही, अडवून ठेवायचं. फायबरच्या अपलिंकवर तो लावलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि दोन्ही केबल खरंच वापरायच्या असतील तर मार्ग आहे. त्याच दोन स्विचमधल्या असतील तर एलएसीपीने, म्हणजे अनेक केबल एकत्र जोडायच्या पद्धतीने, त्यांची मोळी बांधा. स्पॅनिंग ट्रीला ती एकच केबल दिसते आणि दोन्हींतून वाहतूक जाते. एकाच जोडणीचा वेग त्याने दुप्पट होत नाही, वेगवेगळ्या जोडण्या दोन केबलींत वाटल्या जातात, हे मात्र लक्षात ठेवा. मोठ्या डेटा सेंटरमध्ये बहुतेक जण रॅकपर्यंत राउटिंगच, म्हणजे आयपी पत्त्यावरून वाट ठरवणं, नेतात. पर्लमन यांनीच पुढे मांडलेल्या ट्रिल पद्धतीत फ्रेमला तो कमी होत जाणारा आकडा अखेर मिळाला.

त्या दिवसानंतर मी मजल्यावरचं स्पॅनिंग ट्री परत चालू केलं, संगणकांची पोर्टं एज केली आणि त्यांच्यावर बीपीडीयू गार्ड लावला. जिथे संगणकच असायला हवा तिथून बीपीडीयू आला तर ते पोर्ट तत्क्षणी बंद होतं. छोटे स्वस्त स्विच कधीकधी बीपीडीयू गिळून टाकतात, म्हणून सोबत ब्रॉडकास्टवर मर्यादाही घातली.

पुढे एकदा त्याच खोलीत पुन्हा कुणीतरी दोन्ही केबल खोचल्या. मला एकच फोन आला: "मॅडम, मीटिंग रूममध्ये नेट नाही." बाकी मजल्यावर कुणाला काही कळलंसुद्धा नव्हतं.