अमृतसरचा कुलचा: तंदूरपासून घरच्या तव्यापर्यंत

नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरला पोचवते. हरमंदिर साहिबचं, म्हणजे सुवर्ण मंदिराचं, दर्शन घेतलं की मकबूल रोड किंवा रणजित अॅव्हेन्यू गाठायचं, तेही सकाळीच. कुलचा, म्हणजे सारण भरून तंदूरमध्ये भाजलेली मैद्याची रोटी, ही इथली न्याहारी. दुपार कलली की बऱ्याच दुकानांचा माल संपलेला असतो.

खायला बसण्याआधी मी तंदूरपाशी उभं राहून बघणं पसंत करतो. सैलसर मैद्याचा उंडा लाटून त्यावर तूप फासतात, सुका मैदा भुरभुरतात, सुरळी करून तिचं वेटोळं वळतात. चिरोट्याला साटा लावतो, तोच प्रकार. मग सारण भरून तोंड बंद करतात आणि पुढचं काम फक्त बोटांनी. इथे लाटणं फिरवलं की पदर एकमेकांत दबलेच. पाठीला पाणी लावून कुलचा तंदूरच्या भिंतीला थापतात आणि खरपूस डाग पडले की सळईने काढतात. वर लोण्याचा गोळा, आणि दोन्ही तळव्यांत धरून चुरगळणं. पदर मोकळे होऊन लोणी आत उतरतं ते यामुळेच. सोबत छोले आणि कांदा घातलेली चिंचेची पातळ चटणी. दिल्लीत मटरसोबत मिळणारा मऊ, बिनसारणाचा कुलचा वेगळा. त्याची अपेक्षा ठेवून इथे येऊ नये.

घरी करायचा तर 250 ग्रॅम मैद्याला 4 चमचे दही, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, एक चमचा साखर, चवीला मीठ आणि लागेल तसं कोमट पाणी. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं. शेवटी चमचाभर तूप जिरवून ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवा. सोडा वाढवला तर कुलचा फुगत नाही, नुसता साबणासारखा लागतो.

सारणाला 300 ग्रॅम बटाटे. ते आदल्या रात्री उकडून गार केले तर उत्तम, कारण गरम बटाट्याची वाफ पिठाला ओलं करते. त्यात बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, भरडलेले धणे आणि अनारदाण्याची, म्हणजे डाळिंबाच्या सुकवलेल्या दाण्यांची, भरड. आंबटपणासाठी लिंबू पिळू नका, ओल वाढते. मीठही भरायच्या अगदी आधी, नाहीतर कांद्याला पाणी सुटून पारी फाटते. एवढ्यात पाच-सहा कुलचे होतात.

तवा लोखंडीच घ्या, तोही कडकडीत तापलेला. पाणी लावलेली बाजू खाली टाकली की कुलचा तव्याला घट्ट चिकटतो. वर फोड आले की तवा उलटा धरून वरची बाजू थेट आचेवर शेका. नॉनस्टिकवर हे जमत नाही. उलटा केला की कुलचा सरळ बर्नरवर.