सांधा हलला, पण फ्रॉगला करंट कोण देणार?

मॉडेल रेल्वेत पॉइंटला, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याला, मोटर बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठली मोटर घेऊ? मला विचाराल तर हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न फ्रॉगला करंट कुठून देणार हा. फ्रॉग म्हणजे दोन्ही मार्गांचे आतले रूळ एकमेकांना मिळून जो व्ही तयार होतो तो तुकडा. गाडी सरळ जाणार असेल तर त्याला एका बाजूच्या रुळाचा करंट लागतो आणि वळणार असेल तर नेमका दुसऱ्या बाजूचा, म्हणजे सांधा हलला की प्रत्येक वेळी हा करंटही बदलायला हवा. प्लास्टिकचा फ्रॉग घेतला तर ही भानगडच नाही, पण मग लांबलचक डिझेल आरामात निघून जातं आणि चार चाकी शंटर (यार्डात डबे हलवणारं छोटं इंजिन) हळू नेला की बरोबर तिथेच बसतो. शंटिंग हळूच करायचं असतं, त्यातच तर मजा आहे, आणि प्रत्येक वेळी इंजिनाला बोटाने ढकलायचं असेल तर मोटर बसवून मिळवलं काय?

माझं लेआउट एचओ आहे, म्हणजे 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. सांधे पेको कंपनीचे, लाइव्ह फ्रॉगवाले, म्हणजे फ्रॉग धातूचा आणि त्याला करंट द्यावा लागतो. असा सांधा वापरताना फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर (करंट पुढे न जाऊ देणारे जोड) लावायचेच, नाहीतर शॉर्ट ठरलेला. पेकोच्याच युनिफ्रॉग सांध्यात काम अजून सोपं, फ्रॉगची वायर वेगळी काढूनच दिलेली असते, ती खाली ओढून घ्यायची आणि स्विचला जोडायची.

आता मोटर. सोलेनॉइड म्हणजे दोन कॉइल, एका क्षणाचा झटका दिला की टक्कन सांधा पलटतो. स्वस्त आहे, दणकट आहे, पण बटण दाबलेलं राहिलं तर कॉइल जळते, म्हणून मध्ये कपॅसिटरवाला सीडीयू लावायचा, तो एकदाच झटका देतो आणि बटण सोडेपर्यंत परत चार्ज होत नाही. डोंगराखालच्या लपलेल्या यार्डात सोलेनॉइड चांगलेच, तिथे कोण बघतंय. समोरच्या स्टेशनावर मात्र सांधा सावकाश सरकायला हवा. टॉर्टॉइज नावाची सावकाश चालणारी मोटर ते सुंदर करते, 12 व्होल्ट डीसी, टोकाला जाऊन थांबते आणि तशीच थोड्या मिलिअँपिअरवर दाब धरून राहते, आत फ्रॉगसाठी स्विचही असतो. पण बाहेरून मागवायची, वर कस्टम ड्युटी, आणि सांधे डझनभर असले की गणित बसत नाही. म्हणून मी एसजी90 सर्वोवर (सांगू तितक्या अंशात फिरणारी छोटी मोटर) आलो, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतात, स्विच, वायर, कनेक्टर पट्टी सगळं एकाच फेरीत होतं.

बसवायची पद्धत जरा नीट सांगतो कारण सगळं इथेच आहे. सांधा चिकटवायच्या आधी टाय बारच्या (सांध्याची सरकती पाती जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) बरोबर खाली प्लायला 8 ते 10 मिमीचं भोक पाडून घ्यायचं, नंतर पाडायला गेलं की भुसा सांध्यात जातो. पेकोच्या टाय बारजवळ छोटी स्प्रिंग असते ती काढून टाकायची, नाहीतर सर्वो बिचारा सावकाश ढकलतो आणि स्प्रिंग शेवटी टक्कन ओढून घेते. मग सर्वोला आधी आर्डुइनोच्या (सर्वो चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या) कोडमधून 90 अंशावर, म्हणजे मधोमध, आणायचं, टाय बार हाताने मधोमध धरायचा, आणि त्या अवस्थेतच सर्वो प्लायच्या खालून स्क्रूने बसवायचा. वर जाणारी तार 0.8 मिमीची पियानो वायर, ती किंचित वाकते आणि तेच हवं असतं, पात्याचा रुळावर हलका दाब राहतो. दोन्हीकडचे अंश एकेक वाढवत जायचे, पातं रुळाला टेकलं की अजून दोनेक अंश, बस. त्याहून जास्त ढकललं तर सर्वो गुणगुणत राहतो आणि तापतो.

फ्रॉगसाठी सर्वोच्या शेजारी एक मायक्रोस्विच, त्याची पट्टी सर्वोच्या हाताने (फिरणाऱ्या दांडीने) दाबली जाईल असा. स्विचचं कॉमन (सामाईक) टोक फ्रॉगला, बाकीची दोन टोकं दोन्ही रुळांच्या मेन वायरींना. स्विच साधारण अर्ध्या वाटेवर पलटला पाहिजे. मल्टिमीटर बीपवर ठेवून हाताने सर्वोचा हात फिरवून बघा (सप्लाय बंद ठेवून, हळूच), बीप कुठे बदलतो ते कानाने कळतं.

सर्वोचा 5 व्होल्ट सप्लाय वेगळा घ्या, आर्डुइनोच्या पिनवरून नको, सर्वो अडकला की खूप करंट खेचतो आणि बोर्ड रीसेट होतो. ग्राउंड मात्र दोन्हीचा एकत्रच. मेन वायर दीड एमएमची, रुळाला उतरणाऱ्या बारीक. आणि शक्य असेल तर लेआउटचा भाग उभा करून सोल्डरिंग करा, खाली झोपून डोळ्यावर गरम सोल्डर पडायची वाट बघू नका.

पावसाळ्यात प्लाय थोडा फुगतो आणि जूनमध्ये लावलेले अंश ऑगस्टमध्ये जुळत नाहीत, त्यामुळे अंश कोडमध्ये कायमचे न लिहिता दोन बटणांनी बदलता येतील असे ठेवलेत. गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते, परत आली की सगळे सर्वो एकदम उसळी मारायचे, म्हणून प्रत्येक सांध्याची शेवटची स्थिती ईईपीरॉममध्ये (लाईट गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) लिहितो आणि सुरू होताना आधी ती पोझिशन देऊन मगच कोडमध्ये सर्वो अटॅच (चालू) करतो. यात अपवाद एकच, कॅच सायडिंगचा (उतारावर बेकाबू झालेली गाडी वळवून थांबवायच्या बाजूच्या लाइनचा) सांधा. बोर घाटात हा सांधा आधी सायडिंगकडेच लावलेला असतो, उतरणारी गाडी थांबली, ताब्यात आहे हे कळलं की मग मेन लाइन मिळते, म्हणून माझ्याकडेही लाईट आली की तो शेवटची स्थिती न बघता सायडिंगकडेच जातो आणि मेन लाइन द्यायला बटण दाबावं लागतं.