आमची वाटचाल : पिंजऱ्याला ड्रिल नाही

2006 साली जळगावात अजिंठा चौफुलीजवळ पत्र्याचं शेड टाकलं. जीपचे बंपर, कॅरियर, ट्रॅक्टरचे टप. पुढची अकरा वर्षं सांगण्यासारखं काही नाही. कामं आली, झाली, पोरांची शिक्षणं झाली.

डिसेंबर 2017 मध्ये दिल्लीहून रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की क्रॅश गार्ड, बुलबार (गाडीच्या तोंडावर लावायचे लोखंडी दांडे) दिसला की कारवाई करा. माझ्याकडे तेव्हा 31 बुलबार पावडर कोटिंग होऊन भिंतीला टेकलेले. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, पण बसवायला नाही, काढायला. ज्या हातांनी बोल्ट आवळले त्याच हातांनी सोडवले, गाडीमागे 200 रुपये घेऊन. माल शेवटी भंगारात किलोवर गेला. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कंपनीच्या मूळ गाडीत बदल चालणार नाही. राहिलेलं जीपचं कामही बसलं. दोन कारागीर सोडून गेले. त्यातला एक, पाना कसा धरायचा हेही माझ्याकडेच शिकलेला, त्याने मागच्या गल्लीत दुकान थाटलं. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात रावेरकडचे केळीवाले आप्पा 407 टेम्पोत साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटची, वर नळ्यांचा पिंजरा असलेली उघडी गाडी) घालून आले. तिला रस्त्याचं पासिंग नाही, म्हणून अशी आणावी लागते. म्हणाले, "भो, मले टप, काच, लाइट आन् विंच पाहिजे. गाडी वावरातच राहीन, तुले आरटीओचं भेव नाही." विंच म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर.

ही गाडी मी तोवर जवळून पाहिली नव्हती. आधी पिंजऱ्याच्या नळीला व्हर्नियर लावला, त्या मापाचे क्लॅम्प टर्नरकडून करून घेतले, आत रबर. नळीला भोक नाही, वेल्डिंग तर नाहीच. गाडी उलटली की माणसाचं डोकं तो पिंजराच वाचवतो, आणि भोक पडलेली नळी भोकापाशीच दुमडते. टॉर्क पाना माझा जुना आहे, मुठीवरचं रबर गेलंय, सायकलची ट्यूब गुंडाळलीय. पण ठरवलेला जोर लागला की 'कट्' आवाज आजही जागेवर येतो.

काचेत मी चुकलो. पुढे पूर्ण पॉलीकार्बोनेट लावली, मागे काहीच नाही. आप्पा आठ दिवसांनी पीठगिरणीतून आल्यासारखे आले. पुढून हवा अडली की मागून धूळ आत ओढली जाते. अर्धी करून दिली, फुकट. (ही काच पेट्रोलने पुसू नका, चिरा जातात. साबणाचं पाणी पुरे.)

लाइट बारला फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावून त्याच्या 30 नंबरच्या पिनवर बॅटरी, 87 वर लाइट. 120 वॉट म्हणजे 12 व्होल्टवर 10 अँपिअर, नुसत्या स्विचवर सोडाल तर स्विच वितळेल. विंच मात्र आप्पांच्या पुतण्याने मागच्या गल्लीत बसवला. 1,500 रुपये वाचले.

ऑगस्टमध्ये काळ्या मातीत गाडी रुतली, विंच लावला आणि सीटखालून धूर. आप्पांनी मला बोलावलं. सीट उचलली तर जळक्या टेपचा वास. केबल सायलेन्सरला टेकवून नेलेली, कॉन्टॅक्टरवरचा (विंचच्या मोठ्या स्विचवरचा) नट बोटाने फिरत होता. विंच भारावर 200 अँपिअरच्या वर ओढतो. ढिल्या नटाखाली लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, तापणारच. तो काळा पडून पापडासारखा मोडला.

आणि बाजारात काय पसरलं? वायरिंग आमची होती म्हणून! दोन महिने गिऱ्हाईक आडून आडून विचारायचं. मी कोणाच्या दारात भांडायला गेलो नाही. आप्पांनी मात्र तो जळका लग रुमालात बांधून खिशात ठेवला. केळीच्या लिलावात कोणी विषय काढला की गाठ सोडायचे आणि लग समोर धरून सांगायचे, हा कोणाच्या हातचा. त्यांच्या शब्दावर यावल, चोपड्याकडच्या चार गाड्या आल्या.

नवीन पोरांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी : बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, शेवटी जोडा. चार दिवस गाडी चालली की सगळे बोल्ट पुन्हा तपासा. विंच उधारीवर देऊ नका.

गेल्या महिन्यात आप्पांचा नातू स्पीकर घेऊन आला. म्हणाला, पिंजऱ्याला दोनच भोकं पाडा काका, पटकन होईल. मी क्लॅम्पचा डबा काढला. तो मागच्या गल्लीकडे बघत होता, तेवढ्यात आप्पांचा फोन आला.