आधी नूडल, मग रस्सा

आग्नेय आशियातल्या नूडल्सची तुलना निघाली की चर्चा रश्श्यावर आणि तिखटावर जाते. पण घरी केलेलं पॅड थाय (थायलंडच्या परतलेल्या नूडल्स) किंवा फो (व्हिएतनामच्या रश्श्यातल्या नूडल्स) फसतं, ते बहुतेक वेळा नूडलमुळे. दोन्हीकडे नूडल्स तांदळाच्याच, तरी त्यांना पाणी कधी आणि किती पाजायचं याचा हिशेब वेगळा आहे.

प्लेक फिबुनसोंग्क्राम थायलंडचे पंतप्रधान असताना, म्हणजे १९३८ ते १९४४ या काळात, पॅड थाय राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आलं. त्यासाठी ३ ते ५ मिलिमीटर रुंदीच्या सुक्या नूडल्स साध्या पाण्यात पाऊण तास ते तासभर भिजवायच्या. बोटाभोवती गुंडाळता आल्या, पण चावल्यावर कच्च्या लागल्या, की काढायच्या. उरलेलं शिजणं कढईत, सॉस पीत पीत. उकळत्या पाण्यात भिजवल्या तर वरचा स्टार्च आधीच फुलून चिकट होतो आणि कढईत सगळ्याचा गोळा होतो. दोघांसाठी १२० ग्रॅम सुक्या नूडल्स, चिंचेचा दाट कोळ ३ मोठे चमचे, फिश सॉस २ मोठे चमचे आणि ताडगूळ ३५ ग्रॅम. याहून जास्त एका वेळी करू नये. कढईची आच उतरते आणि परतण्याऐवजी सगळं वाफेत शिजतं. मुगाचे लांब मोड अगदी शेवटी, नाहीतर ते पाणी सोडतात. केचप घातलेलं पॅड थाय मला अजिबात मान्य नाही.

मलेशियातल्या पेनांगचं चार क्वे तिआव, म्हणजे तिथल्या परतलेल्या नूडल्स, याच्या उलट. इथे ताज्या, रुंद नूडल्स लागतात, भिजवण्याचा प्रश्नच नाही. मात्र त्या फ्रिजमध्ये ठेवल्या की कडक होतात आणि परतताना तुटतात. तसं झालंच तर आधी वाफ देऊन मऊ कराव्यात, पट्ट्या हाताने सुट्या कराव्यात, मगच कढईत टाकाव्यात. एका वेळी एकच प्लेट. डार्क सोया सॉस फक्त रंगापुरता. जास्त झाला तर कडवट लागतो. शिंपल्या उतरवण्याआधी काही सेकंद घालायच्या, जास्त शिजल्या की रबरासारख्या होतात.

फोमध्ये सगळा वेळ रस्सा खातो. गोमांसाची हाडं आधी ५ ते १० मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं, हाडं धुऊन घ्यायची, मग नव्या पाण्यात मंद आचेवर किमान ६ तास. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात मिसळते आणि रस्सा गढूळ होतो. कांदा आणि आलं थेट आचेवर काळं होईपर्यंत भाजायचं. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग आणि धणे कोरडे भाजून घ्यायचे. चक्रीफूल दोन-तीनच, नाहीतर रश्श्याला औषधाचा वास येतो. सुक्या नूडल्स अर्धा तास भिजवून उकळत्या पाण्यात १० ते २० सेकंद. रश्श्यात फिश सॉस नेमका लागेल त्याहून किंचित जास्त हवा, कारण नूडल्स अळणी असतात. हनोईचं फो साधं, पातीचा कांदा घातलेलं. सायगॉनच्या (आताच्या हो ची मिन्ह सिटीच्या) फोसोबत मोड, थाय तुळशीची (बेसिलची) पानं आणि होइसिन हा गोडसर दाट सॉस येतो. मला हनोईचं आवडतं, तिथे रश्श्याला लपायला जागा नाही.

नारळाच्या दुधातल्या रश्श्याच्या नूडल्सचे दोन प्रकार, मलेशियाची करी लाक्सा आणि उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईचं खाओ सोई, यांत वाटण महत्त्वाचं. लाक्साचं वाटण तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतायचं, १५ ते २० मिनिटं सहज लागतात. घाई केली तर लेमनग्रास (गवती चहा) आणि गलांगल (आल्यासारखा कंद) यांचा कच्चा वास राहतो. खाओ सोईसाठी नारळाचं दाट दूध आटवून, फाटून तेल सुटू देऊन, त्याच तेलात वाटण परततात. डब्यातल्या दुधात इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) असेल तर ते फाटत नाही. अशा वेळी चमचाभर तेल घालावं. वरच्या कुरकुरीत नूडल्ससाठी मूठभर ताज्या अंड्याच्या नूडल्स बाजूला काढून तळाव्यात. सोबतचं मोहरीच्या पाल्याचं लोणचं वगळू नये, त्याशिवाय वाटी जड होते.

या सगळ्यांत माझी पहिली पसंती पेनांगच्या आसाम लाक्साला (मलय भाषेत ‘आसाम’ म्हणजे आंबट). यात नारळ नाही आणि वाटण परतायचंही नाही. सुमारे एक किलो बांगडे उकळून मांस सोडवायचं, हाडं त्याच पाण्यात परत टाकून उकळायची आणि गाळायचं. मग त्यात सुकी मिरची, छोटे कांदे, लेमनग्रास आणि बेलाचान (आंबवलेल्या कोळंबीची सुकी पेस्ट) यांचं वाटण, चिंच, आसाम गेलुगोर या आंबट फळाच्या सुक्या चकत्या आणि दाउन केसुम या वासाच्या पाल्याची पानं. मांस शेवटी घालायचं, म्हणजे थोडे तुकडे शाबूत राहतात. वर काकडी, अननस, पुदिना, बारीक चिरलेलं बुंगा कांतान (आल्याच्या जातीच्या झाडाची कळी). हे को ही गोडसर काळी कोळंबीची पेस्ट गरम पाण्यात पातळ करून वेगळी द्यायची, सगळ्या पातेल्यात मिसळायची नाही. जाड, गोल नूडल्स वाटीत घालून त्यांवर उकळता रस्सा ओतायचा आणि परत पातेल्यात निथळायचा, असं दोन-तीनदा. नूडल्स गार राहिल्या तर पुढचा प्रत्येक घास कोमट लागतो.