फिलाडेल्फियाला जाताय? मग काँग्रेस हॉल चुकवू नका

न्यू जर्सीत मुलांकडे आलेले आपले बरेच लोक फिलाडेल्फियाला एक चक्कर मारतातच, लिबर्टी बेलसमोर (अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली तडा गेलेली घंटा) फोटो, इंडिपेंडन्स हॉल आणि संध्याकाळी परत. आम्हीही एडिसनहून तसेच गेलो, सोबत मावशी आणि काका होते. पण मला सगळ्यात जास्त भिडला तो इंडिपेंडन्स हॉलला लागून असलेला काँग्रेस हॉल (अमेरिकेची संसद पूर्वी इथे भरायची), आणि तिथे आत शिरायचं राहून जातं बहुतेकांचं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी जायचं कसं ते सांगते. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटची ट्रेन पकडून ट्रेंटन, तिथे बदलून सेप्टाची ट्रेन, उतरायचं जेफरसन स्टेशनला, पुढे चालत दहा-पंधरा मिनिटं. चार-पाच जण असाल तर गाडी परवडते, व्हिजिटर सेंटरच्या खालीच पार्किंग आहे, स्वस्त नाही पण सोबत वयस्कर माणसं असतील तर तेच बरं. इंडिपेंडन्स हॉलला वेळेचं तिकीट लागतं, ते रिक्रिएशन डॉट जीओव्हीवर आधीच काढून ठेवा. टूर फुकट आहे, बुकिंगचे किरकोळ पैसे घेतात. उन्हाळ्यात आणि 4 जुलैच्या आसपास स्लॉट पटापट संपतात. सिक्युरिटीची रांग असते म्हणून अर्धा-पाऊण तास आधी पोचा, आणि त्याच्याही आधी व्हिजिटर सेंटरमध्ये बाथरूमला जाऊन या, कारण सिक्युरिटीच्या आत ती सोय नाही. हे आम्हाला तिथल्या बाईंनी सांगितलं म्हणून बरं झालं.

इंडिपेंडन्स हॉलबद्दल सगळ्यांनाच माहिती असतं. 1776 चा जाहीरनामा इथे 4 जुलैला मंजूर झाला (स्वातंत्र्याचा ठराव खरं तर दोन दिवस आधीच पास झाला होता), आणि 1787 ला राज्यघटनाही इथेच लिहिली गेली, 17 सप्टेंबरला 39 जणांनी सह्या केल्या. खोली बघून आश्चर्य वाटतं, अगदीच लहान आहे हो, हिरवं कापड घातलेली टेबलं दाटीवाटीने मांडलेली आणि समोर वॉशिंग्टन बसायचे ती खुर्ची, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली. बाकी बरंच सामान त्या काळातलं पण गोळा करून मांडलेलं आहे, ही खुर्ची मात्र तीच, अस्सल.

टूर संपली की लगेच बाहेर पडू नका, मागच्या बागेत जरा बसा. 1773 च्या डिसेंबरमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा घेऊन एक जहाज फिलाडेल्फियाकडे आलं होतं, पॉली नावाचं. बॉस्टनवाल्यांनी चहा समुद्रात टाकला ते आपण शाळेत शिकतो, इथे काय झालं तर याच आवारात आठेक हजार लोक जमले आणि कप्तानाला सांगितलं, माल न उतरवता आल्या पावली परत जा, आणि तो गेलासुद्धा. कंपनी डबघाईला आलेली, गोदामात चहा पडून, म्हणून ब्रिटिश संसदेने टी अ‍ॅक्ट करून तिला तो थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली, आणि चहावरचा कर तसाच ठेवला. त्याच वर्षी त्याच संसदेने त्याच कंपनीसाठी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला, तो आपल्याकडच्या कारभारासाठी. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इकडे शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हे सगळं एका वर्षातलं आहे हे मला त्या बाकावर बसेपर्यंत कधी जोडताच आलं नव्हतं. अजून एक, 1777 ला ब्रिटिश फौज घेऊन या शहरात जो शिरला तो कॉर्नवॉलिस, पुढे यॉर्कटाउनला त्याच्या फौजेने शरणागती पत्करली, आणि मग हाच माणूस गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, टिपूविरुद्धच्या युद्धात त्याच्या बरोबरीने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. काकांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ त्यावरच बोलत होते.

आता काँग्रेस हॉल. सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, त्याच आवारात. 1790 ते 1800 फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती, तेव्हा अमेरिकेची संसद इथे भरायची, खाली हाऊस (प्रतिनिधीगृह), वर सिनेट. वेगळं तिकीट आम्हाला लागलं नाही, रेंजर (तिथले सरकारी मार्गदर्शक) ठरावीक वेळाने आत घेतात आणि बोलतात. वेळा सीझनप्रमाणे बदलतात म्हणून सकाळीच विचारून घ्या आणि बाकीचा दिवस त्याभोवती लावा. वर जायला जिना आहे, गुडघे दुखत असतील तर खालचं सभागृह शांतपणे बघा, तेच जास्त महत्त्वाचं आहे.

1797 ला इथेच जॉन अ‍ॅडम्स यांनी शपथ घेतली आणि वॉशिंग्टन बाजूला झाले. निवडून आलेल्या एका राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याकडे सत्ता सोपवली ती ही पहिली वेळ. रेंजर हे सांगताना सगळं सभागृह शांत होतं. पण त्यानंतर वर्षभरातच इथे काय झालं तेही ऐका. 1798 च्या फेब्रुवारीत व्हरमाँटचे मॅथ्यू लायन आणि कनेक्टिकटचे रॉजर ग्रिसवोल्ड या दोन खासदारांची याच जमिनीवर मारामारी झाली, ग्रिसवोल्डच्या हातात जाडजूड काठी आणि लायनने उचलला शेकोटीचा लोखंडी चिमटा! त्याच वर्षी उन्हाळ्यात याच काँग्रेसने सिडिशन अ‍ॅक्ट पास केला, म्हणजे सरकारविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिलं-बोललं तर तुरुंग, आणि त्याखाली ज्याच्यावर पहिला खटला झाला तो हाच लायन. चार महिने कैद, हजार डॉलर दंड, आणि तुरुंगात असतानाच लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. अभिव्यक्ती स्वातंत्र्याची हमी देणारं बिल ऑफ राइट्स 1791 च्या डिसेंबरमध्ये लागू झालं होतं, मध्ये सात वर्षंही गेली नव्हती.

आणि आता आपला संबंध. ग्रीन कार्डनंतर नागरिकत्वासाठी पाच वर्षं थांबायचं हा नियम आपल्याकडे घरोघरी तोंडपाठ आहे. 1790 च्या पहिल्या कायद्यात दोनच वर्षं होती (तो न्यूयॉर्कमध्ये झाला), पाच वर्षं केली ती 1795 ला, इथे फिलाडेल्फियात. 1798 ला ती चौदा केली, 1802 ला पुन्हा पाच. पण या सगळ्या कायद्यांत एक अट कायम होती, स्वतंत्र गोरी व्यक्ती. याच शब्दांवर बोट ठेवून 1923 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारलं, आणि त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकार स्वतः पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं, ते लढले आणि जिंकले. बाकी भारतीयांना मात्र 1946 पर्यंत थांबावं लागलं. 1798 ला परकीयांविरुद्ध आणि टीकाकारांविरुद्ध चार कायदे झाले (सिडिशन अ‍ॅक्ट आणि ती चौदा वर्षांची अट त्यातलीच), त्यांपैकी एलियन एनिमीज अ‍ॅक्ट, म्हणजे शत्रूदेशाच्या नागरिकांना पकडायचा आणि हाकलायचा कायदा, अजून जिवंत आहे, दुसऱ्या महायुद्धात वापरला आणि 2025 मध्येही. मुलांना घेऊन जात असाल तर हे त्यांना तिथे उभं राहून सांगा, घरी सांगण्यात ती गोष्ट नाही.

लिबर्टी बेलला तिकीट नाही, फक्त सिक्युरिटी. तिच्या दाराजवळच वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचे त्या घराची जागा आहे, लोक घाईत पुढे निघून जातात. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला तर मुक्त होऊ शकत होता, म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर पाठवून परत आणायचे. इथे राबणाऱ्या नऊ जणांची नावं भिंतीवर कोरली आहेत. त्यातली ओना जज 1796 ला घरातले जेवायला बसलेले असताना बाहेर पडली ती सरळ न्यू हॅम्पशायरला, आणि शेवटपर्यंत हाती लागली नाही. पळालेले गुलाम पकडून मालकाला परत द्यायचा 1793 चा कायदा काँग्रेस हॉलमध्येच झाला होता आणि सही वॉशिंग्टन यांचीच. दोन्ही जागा जेमतेम एका ब्लॉकच्या अंतरावर आहेत, म्हणून त्या क्रमाने बघा, आधी काँग्रेस हॉल, मग ही जागा, मग घंटा.

जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट, जेफरसन स्टेशनच्या अगदी जवळ, व्हेज खाणाऱ्यांचीही सोय होते. अमिश लोकांचे (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) स्टॉल रविवारी बंद असतात, त्यांचे गरम प्रेट्झेल हवे असतील तर शनिवारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. बेंजामिन फ्रँकलिनची (जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक) कबर पाचव्या आणि आर्च रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे, फुटपाथवरून जाळीतूनच दिसते, तेवढ्यासाठी आत जायची गरज नाही. त्यावर नाणी टाकायची पद्धत पडलीय पण दगडाला त्याचा त्रास होतो, तुम्ही टाकू नका. आणि पायात चांगले बूट घाला, जुन्या भागातले विटांचे फुटपाथ वरखाली आहेत, मावशीला मी हात धरूनच नेलं.