रिकाम्या प्लॉटवर झाडं नकोत, झुडपं लावा

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही जा, वारसांच्या वाटणीत अडकलेला एखादा प्लॉट कचरा झेलत पडलेला दिसतोच. अशा दीड-दोनशे चौरस मीटरमध्ये आपल्या मातीतल्या वनस्पतींना छान आसरा मिळू शकतो. अडतं ते मालकाच्या भीतीपाशी. उद्या घर बांधायचं ठरलं, तर झाड तोडायला गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. म्हणून वड-जांभळाचा हट्ट सोडा आणि झुडपांवर भर द्या. संमती लेखी घ्या. वारस पाच असतील तर सह्याही पाच.

दुसरं, लाल मातीचा ट्रक मागवू नका. ती माती बहुधा कुठलातरी डोंगर कापून आलेली असते आणि सोबत रानमोडी, घाणेरी या पसरत जाणाऱ्या तणांचं बी आणते. प्लॉटची स्वतःची माती पुरते, फक्त तिच्यावरचं बांधकामाचं डबर काढा. जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी असते. सिमेंट-चुना मिसळला की ती अल्कधर्मी होते, झाडाला लोह घेता येत नाही आणि पिटकोळीच्या (इक्झोरा) झुडपाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी लोक युरिया घालतात. त्याचा काही उपयोग नाही. डबर एप्रिल-मे मध्येच हलवा.

रानमोडी मात्र मे मध्ये कापू नका, बुंध्यातून ती पुन्हा फुटते. जून-जुलैत माती मऊ असताना मुळासकट उपटा. पावसाळा सरल्यावर ती फुलते आणि तिचं बी वाऱ्यावर उडतं. त्याआधी दुसरा हात फिरवायलाच हवा.

लागवड चांगले दोन-तीन पाऊस पडल्यावर करा. खड्डा ४५ सेंमी लांब, रुंद, खोल. जांभ्यात खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत राहिल्या तर त्याचं भांडं होतं, पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून पहारीने तळ आणि कडा फोडा. निघालेली माती ३ भाग, पाल्याचं खत १ भाग. रोपं गुडघ्याएवढीच घ्या. पुरुषभर उंचीच्या रोपाची मुळं पिशवीत गोल फिरलेली असतात. दोन झुडपांत सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवा.

पिटकोळी रानातलीच मागा, नर्सरीतली ठेंगणी संकरित नको. शेरवडीवर (मुसांडा) कमांडर फुलपाखराच्या अळ्या वाढतात, रुईवर प्लेन टायगरच्या. धायटीच्या फुलांवर शिंजीर पक्षी येतो. घागरीवर (खुळखुळा) टायगर फुलपाखरांचे नर गर्दी करतात. रस्त्याच्या बाजूला करवंदाच्या दोन ओळी, ६० सेंमी अंतरावर, तिरक्या लावा. गुरं थोपवणारं याहून चांगलं कुंपण नाही. ते वाढेपर्यंत मात्र बांबू लागतील.

एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा. तिथे श्रावणात तेरडा आपसूक उगवू शकतो आणि जमिनीत घरं करणाऱ्या मधमाश्यांनाही उघडी मातीच लागते. ही जागा ‘ओसाड’ दिसते म्हणून भरून काढण्याचा मोह फार होतो. तो आवरा.

पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक झुडपाला आठवड्याला १० लिटर पाणी द्या, पुढच्या वर्षी बंद. बुंध्यापासून वीतभर सोडून ५ सेंमी पालापाचोळा पसरा, चिकटून टाकला तर वाळवी लागते. करवंट्या, टायर उचला, नाहीतर डासांची तक्रार होऊन प्लॉट साफ करायची वेळ येईल. फेब्रुवारीत कडेचं सुकं गवत मीटरभर कापा, कारण कुणी कचरा पेटवला की आग थेट आत शिरते.

कुंपणावर कवंडाळाचा रानवेल चढवा. चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या चौकटीसाठी, फळं मागायला शेजारी येतील, त्यांना जरूर द्या. निम्मी फळं तेवढी वेलावर राहू द्या, पुढच्या पावसाच्या बियांसाठी.